लोकल बंद पडली तर बाळ कुणाकडे?

माझी बाळंतपणाची रजा 16 जानेवारी 2023 ला सुरू झाली आणि 16 जुलैला संपली. 26 आठवडे, मोजून 182 दिवस. 2017 च्या आधी ही रजा 12 आठवड्यांचीच होती, त्यामुळे आमच्या आधीच्या बायकांनी तीन महिन्यांचं बाळ घरी ठेवून गाडी कशी पकडली असेल, या विचाराने अजून पोटात कालवतं. लेक 4 फेब्रुवारीला झाली. मी कामावर परत जाणार तेव्हा ती साडेपाच महिन्यांची असणार होती. अंगावर पिणारी, नुकतीच पालथी पडायला लागलेली.

आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. चौथा मजला, लिफ्ट नाही. माझं ऑफिस लोअर परळला. घराचं दार ओढून घेतल्यापासून ऑफिसात पोहोचेपर्यंत पावणेदोन तास. नवरा तळोजा एमआयडीसीत कामाला आहे आणि खोणी-तळोजा रस्त्याने मोटारसायकलवर जातो. घराचा हप्ता 24 हजार, माझा पगार 42 हजार. नोकरी सोडायची की नाही याचा हिशेब त्या आकड्यांवरच संपत होता, पण खरं सांगायचं तर हप्ता नसता तरी मला नोकरी सोडायची नव्हती. हे मोकळेपणाने म्हणायला मला बरेच दिवस लागले.

शोध एप्रिलमध्ये सुरू केला. सगळ्यात आधी अर्थातच घरच्यांकडे पाहिलं. माझी आई वडिलांच्या आजारपणात पूर्ण अडकलेली, तिला विचारणंही बरं नव्हतं. सासूबाई बारशाला आल्या त्या एप्रिलअखेरपर्यंत राहिल्या. लेकीला न्हाऊ घालणं, शेक-शेगडी, माझा डिंकाचा लाडू, सगळं त्यांनी केलं. पण गुहागरजवळच्या घरी सासरे एकटे, गोठ्यात गाय, आणि आंब्याचे दिवस. त्यांचे गुडघे चार मजले चढून आले की रात्रभर ठणकायचे. एका दुपारी त्या म्हणाल्या, "अगो, पोरीसाठी मी राहीनही. पण दिवसभर दार लावून बसायची मला सवय नाही. जीव कोंडतो." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं. सून म्हणून त्यांना धरून ठेवण्याचा मला काहीच अधिकार नाही, असं त्या दिवशी मनाशी पक्कं झालं.

जाताना त्यांनीच दुसरा मार्ग सुचवला. "पोरीला माझ्याकडे दे. दोन वर्षांचा तर प्रश्न. तुझा नवरा नाही का माझ्या सासूजवळ वाढला?" कोकणातल्या कितीतरी घरांत हे झालेलं आहे. आईबाप मुंबईच्या खोलीत, मूल गावी आजीजवळ, आणि गणपतीला, होळीला भेट. गावच्या अंगणवाडीची सेविका ओळखीची आहे. तिथे जाऊन बसायचं वय तीन वर्षांचं असलं तरी त्याआधी वजन, लसीकरण, घरी न्यायचा आहार हे सगळं ती पाहते. अंगण आहे, स्वच्छ हवा आहे, जीव लावणारी माणसं आहेत. मी रात्रभर विचार केला. सकाळी नवरा म्हणाला, "मला माझी आई पाच वर्षांचा होईपर्यंत पाहुणी वाटायची. नको." मी काही बोलायच्या आधीच तो प्रश्न त्याने मिटवला, याबद्दल मी त्याची कायम ऋणी राहीन.

माझी नणंद जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिला राज्य सरकारची बालसंगोपन रजा मिळते, एकूण 180 दिवस, मूल 18 वर्षांचं होईपर्यंत लागेल तशी घ्यायची. तिने ती मुलगा तापाने फणफणला तेव्हा घेतली. आमच्या खाजगी कंपनीत त्या नावाची रजाच नाही.

पण आमच्याकडे पाळणाघर आहे. ज्या ठिकाणी 50 किंवा जास्त माणसं कामाला असतात तिथे ही सोय द्यायला कायद्याने बांधलेलं आहे, आणि विश्रांतीची सुट्टी धरून दिवसातून चार वेळा आईला बाळाकडे जाता येतं. आमच्या कंपनीने समोरच्या इमारतीतल्या एका पाळणाघराशी करार केलेला, बराचसा खर्च कंपनीचा, मला महिन्याला चार हजार पडले असते. मे महिन्यात मी एकटीच ते पाहून आले. बुटके पाळणे, खाली मऊ चटया, एक नर्स, प्रत्येक बाळाच्या नावाची वही, त्यात दूध किती वाजता, शी-शू किती वाजता, झोप किती वेळ. चार वेळा तिला पाजायला मी जाऊ शकले असते. दूध काढून ठेवायची गरजच नाही. मला तिथेच रडू आलं, इतकं ते मनासारखं होतं.

मग परतीला दादरला फास्ट गाडीसमोर उभी राहिले. पहिली गाडी सोडली, दुसरी सोडली, तिसरीत शिरले. लेडीज डब्यात सगळ्या बायका पर्स पोटाशी धरून उभ्या राहतात तशी मीही धरली. कुर्ल्याला गर्दीचा लोंढा आत आला आणि एका बाईचं कोपर त्या पर्समध्ये इतकं रुतलं की आतला चष्म्याचा डबा मोडला. त्या पर्सच्या जागी लेक असती. ठाण्यापर्यंत मी तेवढंच बघत होते. सकाळी डोंबिवलीहूनच सुटणाऱ्या गाडीत बसायला मिळेल, परतताना परळहून सुटणारी स्लो घेता येईल, असे बरेच बेत आम्ही केले. परळला भाड्याने राहायचं म्हटलं तर दोन खोल्यांना माझा अख्खा पगार गेला असता. कायद्याने दिलेली चांगली सोय माझ्या ऑफिसच्या समोरच होती, पण तिथे जाणारा रस्ता बाळाला झेपणारा नव्हता. या दोन गोष्टींमधलं अंतर रेल्वेमार्गाने जवळजवळ 40 किलोमीटर आहे. पाळणाघराची सोय ऑफिसजवळ असावी असं ठरवताना, आई रोज कुठून येते हा विचार कुणीतरी करायला हवा होता. उपनगरातल्या प्रत्येक मोठ्या स्टेशनजवळ एक चांगलं पाळणाघर आणि खर्च कंपन्यांचा, असं झालं तर डोंबिवली, बदलापूर, विरारच्या हजारो बायकांचं आयुष्य बदलेल, असं मला मनापासून वाटतं.

जूनमध्ये बारा तासांची बाई ठेवून पाहिली. पगार 15 हजार, सकाळी आठ ते रात्री आठ. मी घरात असतानाच आठ दिवस तिला सवय करून दिली. हात हलका, बोलणं गोड, लेक तिच्याकडे लगेच जायची. चौथ्या की पाचव्या दिवशी सहज विचारलं, "तुमचं लहान आहे का कोणी?" म्हणाली, "दोन वर्षांचा आहे, ताई." "मग तो कुणाकडे?" "शेजारणीकडे. तिला महिन्याला हजार देते. तिला पण तिची दोन आहेत." त्यानंतर ती लेकीला थोपटायला बसली की माझ्या डोळ्यांपुढे तो मुलगा यायचा. आठ दिवसांनी तिनेच काम सोडलं, कारण तो पडला होता आणि टाके घालावे लागले होते. मी पूर्ण महिन्याचे पैसे दिले. आजही मला वाटतं की तिला आणि मला एकाच गोष्टीची गरज होती, फक्त तिच्या गरजेबद्दल कुणीही फॉर्म छापलेला नव्हता.

राहिली पाळणाघरं. गाडीतल्या मैत्रिणींकडे इतकी माहिती असते की मी पंधरा नावं लिहून घेतली, फोन करून सहा उरली, प्रत्यक्ष पाहिली तीन.

पहिल्या ठिकाणी दोन खोल्यांत बावीस मुलं आणि दोन बायका. टीव्ही मोठ्याने चालू. आतल्या खोलीत झोळ्या ओळीने बांधलेल्या, आणि सकाळी साडेअकराला सगळी बाळं गाढ झोपलेली. एकही कुरकुरत नव्हतं. मला ते आवडलं नाही. कारण सांगता येणार नाही, पण माझी लेक कधी साडेअकराला मुकाट झोपलेली मी पाहिलेली नव्हती.

दुसरं एका मोठ्या साखळीतलं. महिना 11 हजार, अनामत 25 हजार. खेळणी, रंगीत भिंती, आणि मोबाइलवर दिवसभर कॅमेरा. माझ्या आईचा या कॅमेऱ्यावर फार भर होता. 2016 मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला तिथल्या आयाने मारलं होतं, आणि ते उघड झालं ते सीसीटीव्हीमुळे. ती बातमी आईच्या मनातून गेलेली नाही, माझ्याही नाही. तिथल्या बाईंना मी सगळे प्रश्न विचारले. बाळांना सांभाळणाऱ्या मुली किती दिवस टिकतात, म्हटलं. "साधारण चार-सहा महिने." वेळ सातपर्यंत. उशीर झाला तर दर अर्ध्या तासाला दोनशे रुपये. मग मी विचारलं, "पावसात लोकल बंद पडली आणि आम्ही दोघंही अडकलो तर?" त्या म्हणाल्या, "फॉर्मवर दिलेल्या तिसऱ्या नंबरला आम्ही फोन करतो. त्यांनी येऊन न्यायचं." आमच्याकडे तिसरा नंबरच नव्हता. त्यासाठीच तर आम्ही पाळणाघर शोधत होतो.

हा प्रश्न माझ्या डोक्यात कुठून आला ते सांगायला हवं. 26 जुलै 2005 ला मी बारा वर्षांची होते, भाऊ चार वर्षांचा. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलीमीटर पाऊस पडला तो दिवस. आई मस्जिद बंदरला नोकरीला, बाबा पुण्याला गेलेले. फोन लागत नव्हते, वीज गेलेली. शेजारच्या मावशी संध्याकाळी मेणबत्ती घेऊन आल्या आणि काही न विचारता आम्हाला घेऊन गेल्या. पिठलं-भात खाऊ घातला. भाऊ रात्री "आई" म्हणून रडला तेव्हा त्यांनी त्याला स्वतःच्या मुलांच्या मध्ये झोपवलं. आई दुसऱ्या दिवशी दुपारनंतर आली, बरंचसं अंतर रुळांवरून चालत. पाय सुजलेले. ती दारातून आत आली आणि आम्ही जेवलोय, झोपलोय, अंगावर कोरडे कपडे आहेत हे बघून तिथेच खाली बसली.

मी कामावर जाणार म्हटल्यावर ओळखीपाळखीचे कौतुकाने "आता हिरकणी हो" म्हणायचे. रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून कडा उतरून तान्ह्याकडे गेलेल्या त्या आईची गोष्ट मला लहानपणापासून तोंडपाठ आहे. पण लेक झाल्यापासून त्यातली एक गोष्ट डाचते. त्या संध्याकाळी पायथ्याच्या घरात बाळाजवळ कुणी नव्हतं, म्हणून तिला तो कडा उतरावा लागला. मला कडा उतरायचा नव्हता. मला लेकीजवळ एक माणूस हवं होतं.

तिसरं पाळणाघर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून, तळमजल्यावर, एका काकूंच्या घरी. वय अठ्ठावन्न, वीस वर्षांहून जास्त काळ हेच काम. सात मुलं, त्यांतली तान्ही दोनच, तिसरं घेणार नाही म्हणाल्या आणि मग लेकीकडे बघत राहिल्या. मदतीला त्यांची विधवा जाऊ. महिना साडेपाच हजार. कॅमेरा नाही, पाटी नाही, कसलं नोंदणीपत्र नाही. मी तोच प्रश्न विचारला. त्यांना तो प्रश्नच वाटला नाही. "मग काय, जेवेल आणि झोपेल इथेच. 26 जुलैला माझ्याकडे पाच मुलं होती रात्रभर. एक तर दोन रात्री."

तरी आम्ही लगेच हो म्हटलं नाही. कॅमेरा नसणं ही साधी गोष्ट नव्हती, आणि प्रेमळ बोलण्यावर भुलायचं नाही असं मी ठरवलं होतं. मी चार संध्याकाळी त्या इमारतीच्या फाटकाशी उभी राहिले आणि मुलं बाहेर कशी येतात ते पाहिलं. आईला बघून धावणारी होती, पण काकूंचा पदर सोडायला तयार नसलेलीही होती. न्यायला आलेल्या पाच-सहा आईबापांशी बोलले. एका वडिलांनी सांगितलं की काकू रागावतात, आवाज चढतो, पण हात उगारलेला कधी दिसला नाही, आणि मुलगाही तसं कधी बोलला नाही. ही माहिती मला कोरड्या स्तुतीपेक्षा जास्त कामाची वाटली. मग काकूंना सरळ विचारलं, "न सांगता केव्हाही आलो तर चालेल?" म्हणाल्या, "दाराला कडी नसते दिवसा. फक्त जाळी लोटून घ्या, मांजर येतं." नवरा तीनदा अवेळी गेला. एकदा दुपारी दोनला, एकदा सकाळी दहाला, एकदा चारला. तिन्ही वेळा जे दिसलं ते सारखंच होतं.

सवय लावायला पंधरा दिवस दिले. पहिल्या दिवशी अर्धा तास, मी तिथेच बसून. मग मी बाहेरच्या कट्ट्यावर. मग दोन तास. सहाव्या दिवशी लेक इतकी रडली की मला कट्ट्यावर ऐकू येत होतं. काकूंच्या जाऊबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "तू घरी जा. तू इथे आहेस हे तिला कळतंय." मी गेले, जिने चढून घरी न जाता खालीच उभी राहिले. वीस मिनिटांनी फोन आला, झोपली म्हणून.

आमचं एकदाच जोराचं वाजलं ते दुधावरून. डॉक्टरांनी सहा महिने फक्त अंगावरचं दूध सांगितलं होतं. मी काढून ठेवलेलं दूध काकू उकळायला निघाल्या. त्यांच्या हिशेबात न उकळलेलं दूध बाळाला देणं म्हणजे पाप. मी म्हटलं, काकू, हे उकळायचं नाही, गरम पाण्यात वाटी ठेवून कोमट करायचं, आणि फ्रीजबाहेर चार तासांच्या वर ठेवायचं नाही. त्या रुसल्या. पाणीही द्यायचं नाही, घुटीही नाही, म्हटल्यावर म्हणाल्या, "मग इतकी वर्षं मी काय मुलं मारली का?" मला उत्तर सुचेना. शेवटी मी त्यांना लसीकरणाच्या दिवशी आमच्या डॉक्टरांकडे सोबत घेऊन गेले. डॉक्टरांनी त्यांना खुर्ची दिली, नीट समजावून सांगितलं, आणि बाटलीऐवजी बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने पाजा, ते तुम्हालाच जमेल, म्हणाले. काकूंकडे चांदीचं जुनं बोंडलं होतं. परतताना रिक्षात त्या एकदम म्हणाल्या, "आमच्या वेळी कुणी असं सांगितलंच नाही गं." त्यानंतर दुधावरून वाद झाला नाही.

17 जुलै, सोमवार. मी कामावर गेले. दिवसातून दोनदा ऑफिसातल्या एका छोट्या खोलीत दूध काढायचं, बर्फाच्या पिशवीत घालून घरी आणायचं, ते दुसऱ्या दिवशी काकूंकडे. मंगळवार तसाच गेला.

बुधवारी, 19 तारखेला, सकाळपासून धो धो पाऊस. अंबरनाथ-बदलापूर दरम्यान रुळांवर पाणी आल्याचं दुपारी कळलं. मी साडेतीनला निघाले. गाडी ठाण्यापर्यंत रखडत आली, मुंब्र्याच्या आधी थांबली ती थांबलीच. छाती दुधाने दगडासारखी झालेली. काकूंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "पाचला प्यायली. अजून एक वाटी आहे फ्रीजमध्ये. तुझ्या नवऱ्याचा फोन आला होता, तो निघालाय. तू सावकाश ये." त्याच सुमारास डब्यात कुणाच्या तरी मोबाइलवर बातमी आली. ठाकुर्ली आणि कल्याणच्या मध्ये गाडी खोळंबली म्हणून लोक उतरून रुळांवरून चालत होते, त्यात एका कुटुंबाच्या हातून तान्हं बाळ निसटून नाल्यात पडलं आणि वाहून गेलं. आमच्या घरापासून ती जागा दोन-तीन किलोमीटरवर. डब्यात कुणी बोलेना. माझ्याशेजारच्या अनोळखी बाईंनी माझा हात धरला आणि डोंबिवलीपर्यंत सोडला नाही. त्या आईचा विचार मनात आल्याशिवाय माझा एकही पावसाळा आता जात नाही.

मी पावणेनऊला पोहोचले. नवरा सव्वासहालाच लेकीला घेऊन घरी आला होता. काकूंनी तिच्याबरोबर माझ्यासाठी डब्यात मुगाची खिचडी दिली होती.

त्या रात्री एक गोष्ट आम्ही बदलली. काकूंच्या वहीत पहिला नंबर माझा होता. सगळीकडे तसाच लिहितात, आधी आई, मग बाबा. तळोजाहून तो पाऊण तासात येऊ शकतो, मी नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा नंबर वर लिहायला सांगितला. तेव्हापासून ताप, उलटी, पडणं, पहिला फोन त्याला जातो. सुरुवातीला मला ते जड गेलं. मीटिंगमध्ये असताना फोन वाजला नाही की वाटायचं, मला कुणी काही कळवत का नाही. त्याच्या कारखान्यात साहेबांनी दोनदा विचारलं, "घरी बायको नाही का?" त्याने सांगितलं, आहे, ती लांब असते.

काकूंच्या महिन्याला दोन सुट्ट्या आणि गणपतीचे पाच दिवस. त्या दिवशी आम्ही आलटूनपालटून रजा घेतो. मेमध्ये सासूबाई येतात किंवा लेकीला घेऊन मी गुहागरला जाते. सात महिन्यांची असताना काकूंनी तिला खिमट भरवलं, वर्षाची झाली तेव्हा मऊ भाकरी दुधात कुस्करून. ती पहिलं पाऊल त्यांच्या स्वयंपाकघरात टाकून मोकळी झाली, आणि काकूंनी ते मला सांगितलं नाही. दोन दिवसांनी आमच्या घरी ती चालली तेव्हा मी त्यांना आनंदाने फोन केला, तेव्हा त्या "हो का? अरे वा!" एवढंच म्हणाल्या. खरं काय ते जाऊबाईंनी वर्षभराने सांगितलं.

आता काकूंचेही गुडघे दुखतात. नवीन तान्ही मुलं घेणं त्यांनी बंद केलंय आणि पुढच्या जूनपासून फक्त शाळेतून येणारी मुलं ठेवणार आहेत. गेल्या आठवड्यात शेजारच्या इमारतीतली सहा महिन्यांची गरोदर मुलगी जिन्यात भेटली. तिचं ऑफिस ठाण्याला आहे. काकूंकडे जागा मिळेल का, विचारत होती. मी तिला वर बोलावलं, चहा ठेवला आणि पंधरा नावांची ती जुनी यादी शोधून काढली. त्यातली निम्मी तरी बंद झाली असतील. रविवारी आम्ही दोघी मिळून उरलेल्यांना फोन करणार आहोत.